अर्ध्या ओळीतून उपसलेली सुई

मित्रांनो, मी लोकर विणायची सुई. जुनी, पोलादी, आणि आता मधोमध वाकलेली. माझ्यासारख्या सुया तुम्ही घरातल्या एखाद्या कपाटात पाहिल्या असतील. त्या घेऊन तलवार-तलवार खेळलाही असाल आणि कुणी तरी मोठे माणूस ओरडले असेल, "ठेव ते आधी, डोळ्यात जाईल." ते ओरडणे बरोबरच आहे. मी कुणाच्या डोळ्यात गेले नाही, पण एका माणसाच्या हातातून आरपार गेले आहे. त्याच माणसाचे पहिले टोपडे मी विणले होते. या दोन्ही गोष्टी एकाच सुईच्या हातून कशा झाल्या, ते आज सांगते. गोष्ट गोड नाही. तुम्ही ऐकण्याएवढे मोठे आहात, असे मी धरून चालते.

माझा जन्मही काही लाडात झाला नाही. कारखान्यात मला तारेच्या वेटोळ्यातून ओढून काढले, ठोकून सरळ केले, कचकन कापले आणि फिरत्या दगडावर माझे तोंड धरले. ठिणग्या उडाल्या. त्या दगडापाशी एक कामगार बाई बसायची. ती प्रत्येक सुईचे टोक आपल्या अंगठ्यावर टेकवून बघायची आणि बोथट वाटले की पुन्हा दगडावर धरायची. माझ्या वाट्याला हे जरा जास्तच आले, त्यामुळे माझे टोक विणकामाला लागते त्याहून तीक्ष्ण झाले. त्याचा मला तेव्हा गर्व होता आणि खरे सांगायचे तर आजही आहे. मग माझ्या दुसऱ्या टोकाला एक गोल टोपी बसवली आणि अगदी माझ्यासारख्याच दुसऱ्या सुईबरोबर मला कागदी पाकिटात घातले. ती माझी बहीण. विणायच्या सुयांना एकटीने काही करता येत नाही, त्यामुळे आमचे भांडण झाले तरी ते फार वेळ टिकत नसे.

आम्हाला विकत घेतले ते एका अगदी तरुण बाईने. तिला मी माझी मालकीण म्हणते. तिला पहिले मूल होणार होते. दुकानात तिने आमची टोके तपासली, लोकरीचे गुंडे गालाला लावून पाहिले आणि सगळ्यांत मऊ असलेला निळा गुंडा निवडला. घरी जाताना ती स्वतःशीच हसत होती. मला वाटले, चला, घर चांगले मिळाले.

घर म्हणजे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत एक लाकडी बाक, एक टेबल आणि दाराशेजारी एक शिडशिडीत कपाट. मालकिणीचा नवरा लाकडाच्या वखारीत कामाला होता. बाहेर तो गरीब गाईसारखा वागायचा. वखारीचा मालक त्याला दिवसभर वाटेल ते बोलायचा आणि हा मूग गिळून ऐकायचा. मग ते सगळे पोटात घेऊन तो घरी यायचा आणि बायकोवर काढायचा. पाणी गरम का दिले, गार का दिले, मान वर करून का बघितलेस, मान खाली घालून का बसलीस. कारण कसलेही चालत असे. त्याचा हात जड होता. पहिल्यांदा त्याने तिला मारले तेव्हा आम्ही दोघी तिच्या मांडीवर होतो आणि ती बाकावरून खाली पडली तशा आम्हीही पडलो. निळ्या टोपड्यातून माझी बहीण अर्धी निसटली. मालकिणीने आधी पोटावर हात धरला, मग तोंडावर, आणि मग जमिनीवर चाचपत सुटलेले टाके गोळा केले.

त्या दिवसानंतर तिने एक रीत ठरवून टाकली. तो आत आला की ती विणायला बसायची आणि ओळ संपल्याशिवाय उठायची नाही. ओळ संपली की लगेच दुसरी सुरू. मान वर करायची नाही, उत्तर द्यायचे नाही, ओठांतल्या ओठांत टाके मोजत राहायचे. तो ओरडून ओरडून थकायचा. कधी मारून थकायचा. कधी कधी काहीच न करता झोपी जायचा, आणि तेवढ्या आधारावर तिचा त्या रितीवर विश्वास बसला. विणणारी बाई ओळ अर्धी सोडत नाही हे मला माहीत आहे. अर्ध्यात सोडली की टाके निसटतात, मोजणी चुकते. पण हिच्या हातात ती विणकामाची शिस्त राहिली नव्हती. ओळ हे तिचे लपून बसायचे ठिकाण झाले होते.

आणि ज्या दिवशी मार बसायचा, त्या दिवशी तिचे टाके घट्ट पडायचे. मित्रांनो, हे सुईशिवाय कुणाला नीट कळायचे नाही. हात भ्यालेला असला की लोकर आवळली जाते. टाका माझ्या अंगावर असा करकचून बसायचा की पुढे सरकताना माझी सालटी निघतील असे वाटे. एरवी ती सैल आणि मोकळे विणायची. त्यामुळे तिच्या कामात मधेच एक घट्ट पट्टा, मग थोडी सैल वीण, मग पुन्हा घट्ट पट्टा असे दिसायचे. आळीतल्या बायका यायच्या आणि नेमक्या त्या पट्ट्यावरून बोट फिरवून म्हणायच्या, "हे बघा, इथे काय सुरेख घट्ट वीण आलीय. हात बसला हो तुमचा." त्या बायकांना भिंतीपलीकडून सगळे ऐकू येत होते. आवाज चढले की त्या रेडिओ मोठा करायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सुईला तोंड कुठले असते.

मुलगा झाला. निळे टोपडे त्याच्या डोक्यावर बसले आणि तो त्यात फार गोड दिसला, हे मी नाकारणार नाही. बापाचा मार चालूच राहिला. मुलगा टेबलाखाली बसून ते बघायचा. पुढे बाप वखारीतच ओंडक्याखाली सापडून गेला. सगळे जण रडले, मालकीणही रडली. त्यानंतरच्या दिवशी मायलेक जेवायला बसले तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच कुणी न दचकता घास घेतला. मग आम्हा बहिणींना तिने बटणांच्या डब्यात ठेवून दिले. वर्षे गेली. डब्यात आम्ही गंजू लागलो. बटणे आमच्याशी बोलत नसत, कारण बटणांना फार ताठा असतो.

डब्याचे झाकण उघडले तेव्हा मालकिणीचे केस पांढरे झाले होते. तिच्या शेजारी तिची सून उभी होती. सून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करायची, हसायला पुढे आणि बोलायला त्याहून पुढे. तिला दिवस गेले होते.

"आई, मला शिकवा ना," ती म्हणाली. "बाळाचं सगळं मला हाताने करायचंय. विकतचं नको."

"मशीनवर बसतेस ना दिवसभर? मग घरी येऊन परत टाकेच घालायचे?"

"ते दुसऱ्यांच्या पोरांचे असतात."

मालकीण हसली. तिने आम्हाला तेलाच्या चिंधीने पुसून लख्ख केले आणि शिकवायला बसली. तेव्हा एक गंमत झाली. सून डावखुरी निघाली. मालकीण शेजारी बसून दाखवायची आणि सून करायला गेली की सगळे उलटे व्हायचे. दोघी वैतागल्या. शेवटी मालकीण बाक ओढून तिच्या अगदी समोर बसली. "माझ्याकडे आरशात बघतेयस असं समज आणि कर," ती म्हणाली. आणि ते जमले. त्यानंतर त्या दोघी नेहमी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. लिंबाच्या रंगाची लोकर आणली होती. सुनेचा पहिला मोजा एवढा मोठा झाला की मालकीण म्हणाली, "हा बाळाला लग्नात घालता येईल." सून हसून हसून लोळली. मी फार खूश होते. मला वाटले, ते जुने दिवस संपले.

संपले नव्हते. मुलगा आता मोठा झाला होता. तो ट्रक दुरुस्त करायच्या गॅरेजात मेकॅनिक होता, मनगटे जाड, बोटांच्या पेरांत कायमचे काळे तेल. लग्नानंतर थोडे दिवस तो बरा होता. मग सून कारखान्यात जास्त वेळ थांबली म्हणून बडबड झाली, मग भिंतीवर मूठ आपटली, आणि मग एक दिवस लिंबू रंगाचा गुंडा घरंगळत त्याच्या पायात आला. तो ठेचकाळला. त्याने गुंडा लाथेने उडवला आणि सुनेच्या तोंडात मारली. तिचे डोके कपाटाच्या कडेवर आपटले. भुवईवरून रक्त आले आणि हातातल्या अर्धवट झबल्यावर पडले.

मालकीण समोरच बसली होती. मित्रांनो, त्या क्षणी मी तिच्याकडे बघत होते. ती उठेल असे मला वाटले. तिचे ओठ हलत होते. ती टाके मोजत होती.

मुलगा बाहेर गेल्यावर तिने सुनेच्या भुवईवर हळद दाबली आणि म्हणाली, "त्याला उत्तर देऊ नकोस, पोरी. विणत बस. ओळ संपल्याशिवाय उठायचं नाही, मान वर करायची नाही. तो दमतो. मी असेच दिवस काढले."

"आणि ते थांबले का?" सुनेने विचारले.

"ते मेले," मालकीण म्हणाली, आणि चूल बघायला उठली.

सून शिकाऊ होती आणि शिकवणाऱ्या बाईवर तिची माया होती. त्यामुळे टाक्यांबरोबर तिने हेही शिकून घेतले. हसणे कमी झाले. बोलणे तर बंदच झाले. दुसऱ्या दिवशी तिचे टाके माझ्यावर असे आवळून बसले की मला तीस वर्षांपूर्वीचे सगळे आठवले. मालकिणीने झबले हातात घेतले, बोटे त्या पट्ट्यावर आली आणि थांबली. तिला ते बोटांनीच कळले. तिने झबले तसेच परत दिले. मला तिचा इतका राग आला की जमले असते तर मी तिलाच टोचले असते.

रीत काही उपयोगाची नव्हती. सून गप्प बसते म्हणून तो जास्त चिडायचा. "मी माणूस आहे की भिंत?" म्हणून तिचे केस धरून तिचे तोंड वर करायचा. एकदा त्याने पूर्ण झालेले झबले उचलले, दातांनी एक धागा तोडला आणि दोघींच्या समोर उभा राहून ते सर्र सर्र उसवत गेला. बाही गेली, छाती गेली, गळा गेला. सून ते बघत ओळ विणत राहिली. ती रडत नाही हे पाहून त्याने माझ्या बहिणीला तिच्या हातातून हिसकले आणि गुडघ्यावर दाबून तिची घडी घातली. गॅरेजमधला हात होता, वेळ लागला नाही. बहीण तुटली नाही, दुमडली. नंतर तिला कचऱ्यात टाकले. तिच्याशी माझे शेवटचे बोलणे भांडणाचे होते आणि ते मला आजही सलते.

एका सुईने विणता येत नाही. मालकीण कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेली आणि त्याच्याकडून चाकाचा एक आरा कापून, टोक घासून घेऊन आली. सायकलवाल्याने विचारले, "जुनी सुई हरवली का?" ती म्हणाली, "हो." सायकलवाल्याला आवाज ऐकू जायचे, तरी त्यानेही आणखी काही विचारले नाही. आरा तसा उपयोगी होता, पण अगदी रांगडा. आयुष्यभर चिखलातून फिरलेला, त्यामुळे लोकर म्हटले की त्याला गुदगुल्या व्हायच्या आणि तो वाकडा व्हायचा. तरी मी त्याला सांभाळून घेतले. बाळाचे टोपडे पूर्ण व्हायचे होते.

सुनेला एक आत्या होती. सुनेचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे तिला वाढवले ते आत्याने. आत्या शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. आवाज असा की व्हॅनला हॉर्न नसता तरी चालले असते. तिला हे काही माहीत नव्हते, कारण सून तिच्याकडे जायचेच टाळू लागली होती. शेवटी एका दुपारी मुले सोडून झाल्यावर ती न सांगता आली. तिने सुनेची भुवई पाहिली, मनगटावरचे निळे वळ पाहिले, मग सुनेची बाही वर करून दंडही पाहिला. मालकिणीकडे तिने एकदाच बघितले आणि मालकिणीने मान खाली घातली.

"ऊठ," आत्या सुनेला म्हणाली. "व्हॅन दारात आहे. काही घेऊ नकोस. चप्पल घाल आणि चल."

सून टोपड्याच्या शेंड्याला आली होती. तिथे दोन-दोन टाके एकत्र विणून ओळ आखडती घ्यायची असते. ते मधे सोडले तर टोपडे बिघडते. सुनेने वर बघितले नाही.

"आत्या, एवढी ओळ संपवते आणि येते."

"चुलीत गेली ती ओळ. ऊठ म्हणते ना."

"थोडीच राहिलीय. लगेच येते."

मी माझ्या परीने जेवढे ओरडता येईल तेवढे ओरडले. सोड मला, फेक मला, पळ. टोपडे काय, दुकानात ढिगाने मिळते. पण तिच्या हातात ती रीत पार मुरली होती. बाहेर मोठा धोका आहे आणि ओळीच्या आत आपण सुरक्षित आहोत असे तिला खरोखरच वाटत होते. ती विणत राहिली. आत्याने तिला दंडाला धरून ओढले, तिने हात सोडवून घेतला. एवढ्यात मोटारसायकल दारात थांबल्याचा आवाज आला.

मुलगा आत आला तेव्हा त्याने व्हॅन पाहिलेली होती. तो हसत होता. त्याचे हसणे ओरडण्यापेक्षा वाईट असायचे.

"आत्याबाई, कुठे घेऊन चाललात?"

"माझ्या घरी. बाजूला हो."

त्याने दार लोटून घेतले. आत्या पुढे झाली तशी त्याने तिला दोन्ही हातांनी मागे ढकलले. ती टेबलावर पडली, टेबल उलटले, त्यावरच्या आरशाच्या काचा झाल्या. ती उठली आणि पुन्हा त्याच्यावर धावून गेली, बाई भित्री नव्हती. या वेळी त्याने तिच्या पोटात बुक्की मारली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, तिला श्वास घेता येईना. मग तो सुनेकडे वळला. सून उठली होती. हातातले टोपडे, मी आणि तो आरा सगळे बाकावर पडले. त्याने तिचा उजवा हात मागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पोलादाची आहे, मला काही मोडल्याचे आवाज चांगले ओळखता येतात. सून दाराच्या दिशेने पळू लागली. तो आधी पोहोचला आणि एक हात दाराच्या चौकटीवर रोवून आडवा उभा राहिला.

"जा ना," तो म्हणाला. "जाऊन दाखव. पोटातलं इथेच ठेवून जा." आणि त्याने पाय मागे घेतला. त्याच्या पायात गॅरेजचे जाड बूट होते.

भिंतीपलीकडे कुणी तरी रेडिओ मोठा केला.

मालकीण बाकावर बसली होती. सवयीने तिने टोपडे उचलून मांडीवर घेतले होते, आणि सुनेची अर्धी राहिलेली ओळ तिची बोटे पुढे विणू लागली होती. उजव्या हाताची बाई डावखुऱ्या बाईची ओळ विणत होती, म्हणजे टाके सगळे उलटे पडत होते. तिचे ओठ हलत होते. मग ते थांबले. हात थांबले. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा ती ओळीच्या मध्यावर थांबली. तिने मला मुठीत धरले आणि टोपड्यातून एका हिसक्यात उपसून काढले. सगळे टाके सुटले. ती उठली, दोन पावले चालली आणि चौकटीवर रोवलेल्या त्याच्या हातावर मला सगळ्या अंगाचा भार देऊन मारले.

मी अंगठा आणि पहिले बोट यांच्या मधल्या मऊ मांसातून गेले आणि पलीकडे लाकडात रुतले. त्या कामगार बाईने माझे टोक उगाच घासले नव्हते. रक्त गरम होते. तो असा किंचाळला की रेडिओ बंद झाला. त्याने हात ओढला, मी लाकडातून सुटले नाही, म्हणून त्याने पुन्हा हिसका मारला, आणि त्या हिसक्याने माझी कंबर वाकली. शेवटी मी निघाले. तो हात पोटाशी धरून खाली बसला आणि "आई, आई गं," म्हणत लहान मुलासारखा रडू लागला. ती त्याच्या समोरच उभी होती. मी तिच्या हातात होते.

"पळा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी आहे इथे. तो उठला तर मी परत मारीन."

आत्याने सुनेला उचलल्यासारखे करून बाहेर नेले. जाता जाता तिने मालकिणीचा पदर धरला आणि तिलाही ओढले. "तुम्हीही चला. इथे ठेवून काय तुमचं प्रेत न्यायला येऊ?" असे आत्या म्हणाली. रस्त्यावर सगळी आळी जमली होती. इतकी वर्षे भिंतीपलीकडे असलेली सगळी तोंडे मी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र बघितली. सायकलवाला पुढे झाला आणि व्हॅनचे दार उघडून धरले. उशीर झाला होता, पण तेवढे तरी त्याने केले.

सुनेच्या कळा व्हॅनमध्येच सुरू झाल्या. इस्पितळात एका बाजूला तिच्या हाताला प्लास्टर घातले आणि दुसऱ्या बाजूला मुलगी जन्माला आली. मुदतीच्या आधी आलेली, एवढीशी, पण रडणे आत्यावर गेलेले. तिच्यासाठी विणलेले एकही वस्त्र हाताशी नव्हते. तिला इस्पितळाच्या पंच्यात गुंडाळले आणि तिला त्यात काही कमी वाटले नाही, ती मजेत झोपली. आम्ही विणणारे उगाच फार ऐट मिरवतो, असे मला तेव्हा वाटले.

पोलीस बाई आली तेव्हाही मी मालकिणीच्या मुठीतच होते. मालकिणीला ते कळलेच नव्हते. "मीच मारलं," ती म्हणाली. "माझाच मुलगा आहे. लिहून घ्या." पण मुलाने डॉक्टरला सांगितले होते की गॅरेजात काम करताना लागले. आईने भोसकले असे सांगायला त्याला लाज वाटली. बायकोचा हात मोडला ते मात्र त्याला लपवता आले नाही. सुनेने डाव्या हाताने तक्रारीवर सही केली. तो आत गेला, बाहेर आला, आणि तिच्या जवळ फिरकायचे नाही अशी त्याला ताकीद मिळाली.

आता आम्ही आत्याच्या दोन खोल्यांत राहतो. इमारत जुनी आहे आणि जिन्यावर समोरासमोर दारे आहेत. सुनेचे मालकिणीशी लगेच गोड झाले असे समजू नका. कितीतरी दिवस ती तिच्याशी कामापुरतेच बोलायची. एकदा भडकून म्हणाली, "तुम्ही समोर बसून मोजत होतात, आई. मला आकडे ऐकू येत होते." मालकीण म्हणाली, "हो." माफी मागून ते पुसता येणार नाही हे तिला माहीत होते. थोड्या वेळाने मूल रडायला लागले आणि सुनेने ते उचलून मालकिणीच्या मांडीवर दिले, कारण दुसरे कुणी घरात नव्हते. तेव्हापासून ते हळूहळू तिच्याच मांडीवर वाढत आहे.

मी वाकडी झाल्यामुळे माझ्यावर टाके चढत नाहीत. आत्याने मला दाराच्या कोयंड्यात अडसर म्हणून घातले. विणकामाच्या सुईने दार राखायचे, हा म्हटला तर अपमान आहे. पण मी ते काम जीव लावून करते.

परवा तो आला. सून कारखान्यात होती, आत्या व्हॅनवर. त्याने दार ठोठावले. मालकीण नातीला कडेवर घेऊन दाराच्या आत उभी राहिली. तिने मला कोयंड्यातून काढले नाही.

"आई, दार उघड. मला मुलगी बघायचीय."

"नाही."

"तू मला भोसकलंस, आई. स्वतःच्या मुलाला."

मालकीण म्हणाली, "तुझ्या बापाला भोसकायला हवं होतं. तू पोटात होतास तेव्हाच. तेव्हा मी खाली मान घालून तुझं टोपडं विणत बसले."

त्याने दाराला खांदा दिला. कोयंडा करकरला. मी वाकडी आहे, म्हातारी आहे, आणि मी फार वेळ टिकणार नाही हे मला कळत होते, मेकॅनिक असल्यामुळे त्यालाही कळत होते. दुसरा धक्का बसला. मालकिणीने नातीचे डोके आपल्या खांद्यात दाबून धरले.

तेवढ्यात समोरचे दार उघडले. समोर एक निवृत्त बाई राहतात. त्यांच्याशी आमचा फारसा परिचयही नाही. त्या हातात वाटी घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या आणि दाराच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"जरा सरका हो," त्या म्हणाल्या. "मला साखर हवीय." आणि त्यांनी आमचे दार वाजवले. वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ जिना उतरून आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. खालून अजून कुणी तरी "काय झालं?" विचारत वर आले. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. ते नुसते तिथे होते. तो सगळ्यांकडे बघत राहिला, मग जखमेचा तो हात खिशात घालून जिना उतरून गेला. मालकिणीने मला काढून दार उघडले आणि त्यांना साखर दिली.

मित्रांनो, आपली काळजी घ्या, असे आम्ही जुन्या वस्तू शेवटी सांगत असतो. माझी घेऊ नका. मी गंजले तर दुसरा अडसर मिळेल. पण तुमच्या भिंतीपलीकडे कुणाचा आवाज चढला, काही आपटले, कुणी रडले, तर घरातल्या मोठ्या माणसाला हात धरून उठवा. ते म्हणतील, हे एवढे काम होऊ दे. म्हणू देऊ नका. त्यांच्या हातात वाटी द्या आणि त्यांना सांगा, शेजारी जाऊन साखर मागून या. घरात साखरेचा डबा भरलेला असला तरीही.